कवड्या की मण्यार? माझ्या हातून चुकलेला एक पाठ



आपण सगळे यशस्वी झालेले उपक्रम लिहितो. मीही तेच करते. पण आज एक असा पाठ सांगणार आहे, जो घेताना मला फार छान वाटला होता आणि जो पुढे माझ्याच अंगाशी आला. अंगाशी म्हणजे खरं तर माझ्या एका विद्यार्थ्याच्या जिवाशी. विषय साधाच आहे : सारखे दिसणारे प्राणी वेगळे कसे ओळखायचे. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो कधी ना कधी घेतलेला असेल.

सुरुवात झाली एका तक्त्यापासून

माझी शाळा उसाच्या पट्ट्यातली आहे. दोन शिक्षकी, पहिली ते चौथी. वर्गात ‘वन्य प्राणी’ असा एक तक्ता मी रुजू होण्याआधीपासून लावलेला होता. त्यात एका ठिपकेदार प्राण्याखाली ‘चित्ता’ असं छापलेलं. एके दिवशी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, आमच्या उसात येतो तो हाच ना? मग आम्ही त्याला बिबट्या का म्हणतो?”

मी तक्त्याजवळ जाऊन पाहिलं. चित्र बिबट्याचंच होतं. तो तक्ता मी कितीतरी वेळा वाचून घेतला होता, मुलांकडून म्हणवूनही घेतला होता. डी.एड. करताना तक्ता भिंतीवर कोणत्या उंचीला लावावा हे शिकले, पण तक्त्यावरचं चित्र आणि नाव जुळतंय का हे तपासायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग त्या दिवशी ठरलेला पाठ बाजूला ठेवला. चित्त्याच्या अंगावरचे ठिपके भरीव, काळे, टिकलीसारखे असतात. बिबट्याच्या अंगावर, विशेषतः पाठीवर आणि कुशीवर, ठिपक्यांची फुलं असतात. कडेने काळी, मध्ये पिवळसर. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, काजळ ओघळल्यासारखी. बिबट्याला ती नसते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आपल्याकडे चित्ता उरलेलाच नव्हता. १९५२ मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आणले गेले. त्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या उसात रात्री दिसतो तो चित्ता नाही, बिबट्याच.

गंमत म्हणजे गावात त्याला बिबट्याही म्हणत नाहीत. “वाघ आला होता” असंच म्हणतात. त्यामुळे मुलांच्या डोक्यात वाघ, बिबट्या आणि चित्ता यांची खिचडी झालेली असते.

मग धामण मेली

त्याच वर्षी पावसाळ्यात शाळेच्या स्वयंपाकखोलीमागे सरपणाच्या ढिगात एक लांबलचक साप दिसला. “नाग! नाग!” असा ओरडा झाला. रस्त्यावरून जाणारे चार-पाच जण काठ्या घेऊन धावले आणि दोन मिनिटांत सगळं संपलं. मारून झाल्यावर एक म्हातारे बाबा जवळ येऊन म्हणाले, “आरं, ही तर धामण हाय. उंदीर खाती ती.” काठी धरलेला माणूस म्हणाला, “धामण म्हंजी नागाची मादीच की!”

धामण ही नागाची मादी नाही, ती वेगळीच जात आहे. नागातच नर-मादी असतात आणि धामणीतही नर-मादी असतात. धामण बिनविषारी, दिवसा फिरणारी, उंदीर खाणारी. म्हणजे शेतकऱ्याची बिनपगारी राखणदार. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते हीसुद्धा नुसती समजूत. मी हे सगळं तिथे उभं राहून सांगितलं, पण तोवर धामण मेलेली होती आणि माझी मुलं तिच्याभोवती गोल करून उभी होती.

त्या रात्री मला वाटलं, या मुलांना जर साप ओळखता आले असते, तर त्यांनीच मोठ्यांना थांबवलं असतं. आणि मी कामाला लागले.

माझा ‘जोडीकार्ड’ उपक्रम

जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला चित्रं चिकटवून मी कार्डं केली. प्रत्येक कार्डाची एक जोडी, दिसायला सारखी पण प्राणी वेगळे. मुलांनी फरक शोधायचे. तुम्हालाही वर्गात उपयोगी पडतील म्हणून सापांच्या जोड्या इथे देते.

*नाग आणि धामण :* नाग फणा काढतो तेव्हा कोणीही ओळखेल. फण्यामागे बहुतेक वेळा दहाच्या आकड्यासारखी खूण असते. पण नाग सरपटत असताना फणा मिटलेला असतो आणि तेव्हाच घोटाळा होतो. धामण लांबीला सात-आठ फूटही भरते, अंगाने सडपातळ, डोळे मोठे, आणि ओठांवर उभ्या काळ्या रेषा असतात.

*घोणस आणि डुरक्या घोणस :* विषारी घोणसच्या अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. डुरक्या घोणस बिनविषारी. तिच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे आणि शेपूट आखूड असते. अजगराचं पिल्लू समजून घोणस हातात धरल्याच्या घटनाही घडतात.

*मण्यार आणि कवड्या :* ही सगळ्यात फसवी जोडी. दोन्ही रात्री फिरणारे, दोन्ही घरात येणारे, दोन्हींच्या अंगावर आडवे पट्टे. मण्यार काळी किंवा निळसर काळी, चकचकीत. तिचे पांढरे पट्टे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने असतात. मानेजवळ ते नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. कवड्या पाली खातो, भिंतीवर सहज चढतो आणि पूर्ण बिनविषारी असतो. मण्यारीचं विष मात्र आपल्याकडच्या अतिविषारी सापांपैकी एकाचं.

उपक्रम जबरदस्त रंगला. कार्ड वर धरलं की मुलं ओरडून उत्तर द्यायची. एक मुलगा तर इतका तरबेज झाला की कार्ड पूर्ण वर येण्याआधीच नाव सांगायचा. केंद्रातल्या शिक्षण परिषदेत मी हा उपक्रम सादर केला, टाळ्याही मिळाल्या. माझा तो विद्यार्थी तेव्हा माझ्या शेजारी उभा होता. कॉलर ताठ करून.

ती सकाळ

पुढच्या वर्षीची गोष्ट. ऑगस्ट महिना, रात्रभर पाऊस. परिपाठ व्हरांड्यात घ्यायचा म्हणून मुलं कोपऱ्यातल्या बसकरपट्ट्या आणायला गेली. मी हजेरी काढत होते. एक पट्टी उलगडली आणि आत एक साप वेटोळं करून बसलेला. आडवे पट्टे असलेला.

माझा तोच विद्यार्थी, आता चौथीत गेलेला, आनंदाने ओरडला, “मॅडम, कवड्या! घाबरू नका, बिनविषारी आहे! मी बाहेर सोडतो!” आणि तो वाकला.

मी त्याच्यापासून दहा-बारा फुटांवर होते. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. साप काही हलत नव्हता, डोकं वेटोळ्यात खुपसून पडला होता, अगदी गरीब दिसत होता. आणि खरं सांगू? तो कवड्या आहे की मण्यार हे मलाही ओळखता येत नव्हतं. कार्डावर मी कितीदा दाखवलेले फरक! पण कार्डावर साप सरळ, आडवा, उजेडात असतो. इथे अंधारा कोपरा, अंग ओलं, मान दिसत नाही, शेपूट दिसत नाही.

त्याला थांबवलं ते तिसरीतल्या एका मुलीने. तिने मागून त्याचा शर्ट धरला आणि म्हणाली, “अरे, मॅडमना विचार ना आधी.” एवढंच. तेवढ्या वेळात मी पुढे झाले आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

तालुक्याच्या गावातून सर्पमित्र आले तोवर पाऊण तास गेला. त्यांनी लांब हुकने साप उचलला, दारातल्या उजेडात आणला आणि म्हणाले, “मण्यार आहे, बाई.” मानेजवळचा भाग कोरा, शेपटीकडे पट्टे ठळक. सगळं माझ्या कार्डाप्रमाणेच होतं. त्यांनी आणखी एक सांगितलं, जे माझ्या कार्डावर नव्हतं. मण्यार दिवसा सुस्त असते, बऱ्याचदा डोकं लपवून पडून राहते, म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटते. रात्री तीच चपळ होते.

संध्याकाळी त्या मुलाची आई शाळेत आली. भांडायला नाही आली. पायरीवर बसली आणि म्हणाली, “बाई, तुमीच सांगितलं ना, काही सापांना इख नसतं म्हणून. पोरगं घरी रोज तेच सांगत होतं. आज्जीला म्हणायचं, तू उगा घाबरतीस.”

मी काय बोलणार? ती खोटं बोलत नव्हती. तिची सासू सापाला घाबरत होती, म्हणून त्या घरात आजवर कोणी सापाला हात लावला नव्हता. मी ती भीती काढून घेतली आणि तिच्या जागी अर्धवट माहिती ठेवली.

मी काय चुकले?

बरेच दिवस विचार केला. मी दिलेली माहिती चुकीची नव्हती. चूक होती खेळाच्या नियमात. माझ्या खेळात जो लवकर उत्तर देईल तो हुशार. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला शून्य गुण. नऊ वर्षांच्या मुलाला मी वर्षभर एकच सवय लावली होती : बघ आणि पटकन नाव सांग. त्याने त्या सकाळी नेमकं तेच केलं.

शाळेतल्या बाकी विषयांत ही सवय फार तर एखादा गुण घालवते. इथे ती हात पुढे करायला लावते.

आणि सापांतले फरक ‘नेहमी’ असतात असंही नाही. ‘बहुतेक वेळा’ असतात. काही नागांच्या फण्यावर खूण नसते. मण्यारीच्या पिल्लाच्या मानेजवळही पांढरे ठिपके असू शकतात. हा ‘बहुतेक वेळा’ मी कार्डावर लिहिलाच नव्हता.

आता मी हा पाठ कसा घेते?

जोडीकार्डं मी फेकली नाहीत. तीच वापरते. पण फळ्यावर आता तीन रकाने असतात :

१) नक्की ओळखलं
२) वाटतंय, पण खात्री नाही
३) माहीत नाही

पहिल्या रकान्यात कार्ड ठेवायचं असेल तर किमान तीन खुणा सांगाव्या लागतात. दोनच सांगता आल्या तर कार्ड दुसऱ्या रकान्यात. आणि काही कार्डं मी मुद्दाम अर्धी झाकलेली केली आहेत. कुठे फक्त वेटोळं, कुठे नुसतं शेपूट, कुठे अंधारातलं चित्र. ती तिसऱ्या रकान्यात ठेवणं हेच बरोबर उत्तर. जो ठेवतो त्याच्यासाठी वर्ग टाळ्या वाजवतो. सुरुवातीला मुलांना हे विचित्र वाटलं. “माहीत नाही म्हटल्यावर टाळ्या?” पण महिन्याभरात अंगवळणी पडलं.

साप कोणत्याही रकान्यातला असो, नियम एकच : थांबा, मागे सरा, मोठ्यांना सांगा. नक्की ओळखलेल्या धामणीलाही हात लावायचा नाही. ओळखायचं ते तिला काठी मारायला निघालेल्या माणसाला थांबवण्यासाठी, पकडण्यासाठी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे साप मारणं किंवा पकडून बाळगणं गुन्हा आहे, हेही चौथीच्या मुलांना समजतं.

हाच नियम उसतोडीच्या दिवसांत फार कामाला येतो. तोड सुरू झाली की फडात ठिपकेदार पिल्लं सापडतात. कधी ती बिबट्याची असतात, कधी वाघाटीची. वाघाटी ही पूर्ण वाढली तरी घरच्या मांजरीपेक्षा लहान राहणारी रानातली मांजर. पिल्लांतला फरक मोठ्यांनाही पटकन कळत नाही. पण कळायची गरजच काय? पिल्लू कोणाचंही असो, आई जवळपास असते. उचलायचं नाही, घरी आणायचं नाही, तोड थांबवून लांब व्हायचं आणि वनविभागाला कळवायचं.

पालकांसाठी थोडं

पालकसभेत मी आता हे दरवर्षी सांगते. इथेही लिहिते.

मण्यारीचा दंश बऱ्याचदा झोपेत, जमिनीवर अंथरूण टाकलेल्या माणसाला होतो. दुखत फारसं नाही, सूज नाही, कधीकधी खूणही दिसत नाही. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणून उठलं, पापण्या जड झाल्या, बोलायला-गिळायला त्रास होऊ लागला, तर अजीर्ण समजून ओवा देत बसू नका. थेट दवाखाना. शक्य असेल तर मुलांना खाटेवर झोपवा. खाली झोपत असाल तर मच्छरदाणी लावून ती अंथरुणाखाली नीट खोचा. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायात चप्पल हवीच.

दंश झालाच तर करकचून दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने विष ओढणं, देवळात किंवा मांत्रिकाकडे नेणं, यातलं काहीही नको. अंगठी, बांगडी, पैंजण काढा. हात किंवा पाय हलू देऊ नका. धीर द्या, चालवू नका आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालयात न्या.

आणि साप ओळखण्याच्या किंवा मारून नेण्याच्या नादात एक मिनिटही घालवू नका. आपल्याकडे मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर मिळून एकच असतं. डॉक्टर लक्षणं पाहून उपचार ठरवतात. म्हणजे बघा, जिथे ओळखण्याची सगळ्यात जास्त गरज आहे असं आपल्याला वाटतं, तिथेच ओळख पटली नाही तरी चालतं.

घरी करायचा स्वाध्याय

फरक ओळखण्याचा सराव मात्र हवाच, आणि तो धोका नसलेल्या जोड्यांवर करता येतो. मी मुलांना दर शनिवारी एक जोडी देते.

• घरकावळा आणि डोमकावळा : घरकावळ्याची मान राखाडी, डोमकावळा पूर्ण काळा.
• बेडूक आणि भेक : बेडकाची कातडी ओलसर, लांब उड्या. भेकाची कातडी कोरडी, खरबरीत, उड्या छोट्या.
• फुलपाखरू आणि पतंग : फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा बहुतेक वेळा पिसासारख्या किंवा साध्या दोऱ्यासारख्या.
• कोल्हा आणि खोकड : खोकड कोल्ह्यापेक्षा लहान, कान मोठे, शेपूट झुपकेदार आणि टोकाला काळं. गोष्टीच्या पुस्तकात ‘कोल्हा’ म्हणून जो लालबुंद, पांढऱ्या टोकाच्या शेपटीचा प्राणी काढतात, तो आपल्या शेतातला कोल्हा नव्हेच. मुलांना पुस्तक आणि बांध दोन्हीकडचा कोल्हा ताडून बघू द्या.

उत्तर वहीत लिहिताना शेवटची ओळ ठरलेली : ‘मला खात्री आहे / नाही, कारण…’

त्या दिवशी वाकलेला माझा विद्यार्थी आता हायस्कूलला आहे. गेल्या दिवाळीत रस्त्यात भेटला. सांगत होता, घरामागे साप निघाला होता. मी विचारलं, “कोणता?” तो हसला आणि म्हणाला, “काय माहीत मॅडम. अंधार होता. आम्ही दार लावून घेतलं आणि सर्पमित्रांना फोन केला. ते येईपर्यंत निघून गेला.”

आज्जीने काय म्हटलं, असं विचारायचं राहून गेलं.

मित्रहो, उद्या शाळेत गेल्यावर आधी आपल्या वर्गातला ‘वन्य प्राणी’ तक्ता नीट बघा. चित्त्याच्या नावाखाली बिबट्या तर बसलेला नाही ना? आणि पुढच्या वेळी एखादं मूल ‘माहीत नाही’ म्हणालं, तर त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघा.